वेरूळला जाण्याआधी पाताळेश्वर नीट बघा

लेणी बघायला शिकायचं असेल तर पुणेकराला गावाबाहेर जावं लागत नाही. जंगली महाराज रस्त्यावर, जंगली महाराजांच्या समाधी मंदिराला लागूनच पाताळेश्वर आहे. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं शैव लेणं. मी चित्रकला शिकवते आणि वेरूळच्या सहलीआधी माझ्या मुलांना इथे आणतेच. इथे शिल्पं फारशी नाहीत, काम अर्धवट राहिलंय. पण त्यामुळेच लेणं कसं घडतं ते इथे उघड्यावर दिसतं. पूर्ण झालेल्या कामात ते शोधावं लागतं.

सकाळी लवकर जा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. त्या दिवशी दर्शन होईल, बघणं होणार नाही. सोबत वही, पेन्सिल आणि एक छोटी बॅटरी घ्या.

रस्त्यावरून आत आलात की आपण खाली उतरतो, हे आधी लक्षात घ्या. अंगणच कातळात खोदलेलं आहे. समोर गोल नंदीमंडप आहे. त्याचं जाडजूड छत आणि खालचे चौकोनी खांब कुणी रचलेले नाहीत, तो सगळा मूळचा खडक आहे. आता छताच्या वरच्या कडेकडे बघा. कातळ निदान तिथपर्यंत होता. भोवतालचा दगड टाकी-हातोड्याने फोडून काढला आणि मंडप तेवढा शिल्लक ठेवला. मुलांना मी इथे बराच वेळ थांबवते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की वेरूळचं कैलास लेणं कळसापासून खाली कसं कोरत आणलं असेल ते वेगळं समजावावं लागत नाही.

आत सभामंडपात गेल्यावर लगेच पुढे सरकू नका. डोळे अंधाराला सरावू द्या. मग बॅटरी काढा, पण उजेड समोरून मारू नका. समोरून भिंत सपाट दिसते. बॅटरी भिंतीलगत, तिरकी धरा. टाकीचे घाव एकाशेजारी एक उठून येतात, हात कुठल्या दिशेने चालला तेही कळतं, एखादी झिजलेली आकृतीही अचानक ओळखू येते. हात मात्र लावायचा नाही. बोटांच्या घामाने, तेलाने दगड गुळगुळीत होत जातो. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांविषयी मी काय बोलू? बाराशे वर्षं टिकलेल्या भिंतीवर कुणाचं नाव वाचलं की मला खरोखर रडू येतं.

मागे तीन गाभारे शेजारी शेजारी आहेत, मधल्यात पिंडी. इथे रोज पूजा होते, म्हणून दर्शनाला आलेल्यांच्या वाटेत उभं राहू नका, त्यांच्या तोंडावर उजेड नको. निघण्याआधी वहीत नुसता आराखडा काढा: अंगण, नंदी, खांबांच्या रांगा, गाभारा, प्रदक्षिणेची वाट. चित्र चांगलं नाही आलं तरी चालेल. पुढे कुठल्याही शिवलेण्यात गेलात की याच गोष्टी शोधायच्या असतात.

पुढचा टप्पा घारापुरी, म्हणजे एलिफंटा. सकाळच्या गाडीने मुंबई, गेटवेहून लाँच. सोमवारी लेणी बंद असतात. तीन मुखांच्या सदाशिवासमोर, म्हणजे शंकराच्या मूर्तीसमोर, सगळे मधल्या शांत मुखाकडे बघतात. तुम्ही आधी आपल्या डाव्या हाताचं मुख बघा: मिशा, ताणलेल्या भुवया, हातात नाग. मग उजवीकडचं, कोवळं, हाती कमळ. शेवटी मधलं. या क्रमाने बघितलं की मधली शांतता कशाकशाला सांभाळून आहे ते जाणवतं. इथली बरीच शिल्पं फोडलेली आहेत, नटराजाचे तर पायच गेलेत. अशा वेळी कंबरेचा आणि खांद्यांचा कल बघून गेलेला पाय वहीत पुरा करा. यापेक्षा चांगला अभ्यास मला ठाऊक नाही.

वेरूळ मंगळवारी बंद असतं. सोळा नंबरमध्ये, म्हणजे कैलास लेण्यात, देवळाच्या दक्षिण अंगाला, अंगणातून दिसेल असा, कैलास पर्वत हलवणारा रावण आहे. त्याच्याकडे खालून वर बघत जा. खाली पोकळीत अनेक हातांनी जोर लावणारा रावण. वर पार्वती शंकराला बिलगलेली, तिच्यामागे दासी पळत सुटलेली. आणि शंकर निवांत, पायाने डोंगर नुसता दाबतो आहे. एकाच शिल्पपटात भीतीच्या किती पायऱ्या आहेत ते मोजा.

बहुतेक लोक सोळा नंबर झाला की गाडीकडे वळतात. तसं करू नका. चौदा आणि पंधरा अगदी शेजारी आहेत, आणि एकवीसच्या दर्शनी बाजूला मकरावर उभी असलेली गंगा मला तरी सगळ्या वेरूळमधली सर्वांत सुंदर मूर्ती वाटते. एकोणतीस नंबर, म्हणजे धुमार लेणं, थोडं लांब पडतं. त्याची मांडणी घारापुरीची आठवण करून देते, म्हणून ते घारापुरीनंतरच बघावं. एवढं सगळं पुण्याहून जाऊन येऊन एका दिवसात होत नाही. एक मुक्काम धरूनच निघा.