पहिल्या बोटीत जागा मिळवायची तर

विद्यापीठाच्या रोइंग संघातल्या आठच्या (आठ जणींनी वल्हवायच्या) बोटीसाठी मी तीन वर्षं झगडले. पहिल्या वर्षी यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बोटीत बसले, तिसऱ्या वर्षी पहिल्या बोटीत सहा नंबरची जागा मिळाली. आता प्रशिक्षकांच्या लाँचमध्ये (मोटरबोटीत) बसून नव्या मुलींचा सराव बघते. त्यांच्यातल्या कितीतरी जणी माझ्याच चुका करतात, म्हणून हे लिहितेय.

आधी अर्गची, म्हणजे जमिनीवरच्या रोइंगच्या यंत्राची गोष्ट, कारण निवडीची पहिली चाळणी तिथेच लागते. २००० मीटरची चाचणी बहुतेक सगळीकडे असते. तिच्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सुरुवातीच्या उत्साहाने. पहिल्या चाचणीत मला ७:३० करायचे होते. म्हणजे दर ५०० मीटरला १:५२.५. मी सुटले १:४५ ने. तेव्हा ते सोपं वाटत होतं. पण यंत्रावर वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते: १:५२.५ ला साधारण २४६ वॉट लागतात, १:४५ ला ३०२. ते जास्तीचे ५६ वॉट मी पहिल्या दोन मिनिटांत उधळले आणि १२०० मीटरनंतर पाय उचलेनात. शेवटी वेळ आली ७:४८.

त्यामुळे पहिले आठ-दहा स्ट्रोक (वल्ह्याच्या ओढी) जोरात मारा आणि विसाव्या स्ट्रोकपर्यंत ठरवलेल्या आकड्यावर या. पहिल्या ५०० मध्ये 'आपण फार हळू चाललोय' असं वाटलं तर बहुधा सगळं ठीक चाललंय. खरी चाचणी तिसऱ्या ५०० मध्ये असते. तिथे स्प्लिट (दर ५०० मीटरची वेळ) एका सेकंदानेही घसरू द्यायचा नाही, एवढं एकच काम डोक्यात ठेवा. सुरू करण्यापूर्वी मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर (यंत्राच्या पंख्याला होणारा अवरोध) तपासा. ११० ते १३० च्या दरम्यान बहुतेकांना पुरतो. पंख्याच्या बाजूचा खटका १० वर नेला म्हणजे व्यायाम चांगला होतो, हा गैरसमज आहे. त्याने कंबर तेवढी लवकर थकते.

२००० मीटरची वेळ कमी होते ती मात्र संथ सरावानेच. १८ ते २० च्या रेटने (मिनिटाला तेवढे स्ट्रोक) तासभर, शेजारच्या अर्गवरच्या मुलीशी अख्खी वाक्यं बोलता येतील अशा बेताने. कंटाळा येतो, पण आठवड्यातला मोठा भाग असाच जायला हवा.

आता पाण्यावर. पहिल्या वर्षाच्या शेवटी माझी वेळ ७:३६ होती आणि माझ्याऐवजी ज्या मुलीला जागा मिळाली तिची ७:४७. मला तो अन्याय वाटला. प्रशिक्षकांनी मला व्हिडिओ दाखवला. मी स्ट्रोक संपवून सीटवरून पुढे धावत येत होते आणि प्रत्येक कॅचला (वल्हं पाण्यात शिरतं त्या क्षणी) बोटीचं टोक दचकल्यासारखं थांबत होतं. आठच्या बोटीचं किमान वजन ९६ किलो. तिच्यात बसलेल्या आठ जणींचं साडेपाचशे किलोच्या घरात. एवढं वजन सरकत्या सीटवर घाईने बोटीच्या मागच्या टोकाकडे आलं की त्याचा धक्का बोटीलाच बसतो. अर्ग जमिनीवर पक्कं उभं असतं, म्हणून तिथे हा दोष कधी दिसतच नाही.

यावर उपाय असा: कमी रेटवर ओढायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ परत येण्यात घालवा. हात पुढे गेल्यावर क्षणभर थांबण्याचा सराव करा. पाय बुटांतून बाहेर काढून वल्हवा. मग पायांनी स्वतःला ओढून पुढे येताच येत नाही आणि शेवटी मागे झोपलात तर तोल जाऊन कळतं. मी हे दोन महिने, रोज पहिली वीस मिनिटं केलं.

सीट रेस म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण शेवटची जागा तिथेच ठरते. चार-चार जणींच्या दोन बोटी शेजारी-शेजारी तीन-चार मिनिटं पळवतात. रेटवर मर्यादा असते, म्हणजे कुणी नुसता रेट वाढवून जिंकू नये. मग बोटी जवळ आणून दोघींची अदलाबदल करतात आणि पुन्हा शर्यत. समजा, तुम्ही होतात ती बोट आधी दोन सेकंदांनी जिंकली आणि तुम्ही दुसऱ्या बोटीत गेल्यावर ती दुसरी बोट एका सेकंदाने जिंकली, तर तीन सेकंदांचा फरक तुमच्या बाजूने गेला. कुणाला बदलणार हे आधी सांगत नाहीत. त्यामुळे 'ही माझी शर्यत नाही' असं समजून एकही फेरी सैल सोडू नका. पाच-सहा फेऱ्या होतात. चौथीलाही पहिलीसारखंच वल्हवणारी मुलगी जिंकते.

बारीकसारीक तयारीही कामाची. तुमचं फुटस्ट्रेचर (पाय टेकवायची, मागे-पुढे सरकवता येणारी पाटी) कितव्या खाचेत असतं ते पाठ करा. जागा बदलल्यावर हाताशी मिनिटभर असतं, तेव्हा अंदाज घेत बसू नका. नव्या बोटीत बसलात की आधी स्ट्रोकची, म्हणजे सगळ्यांना लय देणाऱ्या मुलीची लय पकडा, स्वतःची लादू नका. नजर समोरच्या मुलीच्या खांद्यावर. मी एकदा मान वळवून दुसरी बोट कुठे आहे ते पाहिलं; माझं वल्हं पाण्यात अडकलं आणि अर्ध्या बोटीची लांबी तिथेच गेली. कुठे आहोत ते सांगायला कॉक्स (बोटीला दिशा देणारी, न वल्हवणारी मुलगी) आहे, तिच्यावर भरवसा ठेवा.

शरीराबद्दल थोडक्यात. हाताचे फोड फोडू नका, स्वच्छ ठेवा, सालपट निघालं तर टेप लावा. पण बरगडीत एकाच जागी दुखायला लागलं, खोल श्वास घेताना किंवा कूस बदलताना कळ आली, तर त्याच दिवशी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. रोइंग करणाऱ्यांच्या बरगडीला ताणाने चीर जाते आणि मग कित्येक आठवडे बसावं लागतं. जागा जाईल म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्यांचा अख्खा हंगाम गेला.

दुसऱ्या बोटीत नाव आलं तर वाईट वाटणारच. मीही रडले होते. पण दुसरी बोट म्हणजे उरलेल्यांची बोट नव्हे. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शर्यतीत राखीव बोटींना स्वतःची नावं आहेत: पुरुषांच्या आयसिस आणि गोल्डी, महिलांच्या ओसायरिस आणि ब्लाँडी. त्यांची आपसात वेगळी शर्यतही होते.

यादी लागल्यावर दोन दिवस जाऊ द्या आणि मग प्रशिक्षकांकडून स्वतःच्या सीट रेसचे आकडे मागून घ्या. 'मी का नाही' असं विचारण्यापेक्षा 'कुठल्या फेरीत किती गेले' असं विचारा. उत्तर कामाचं मिळतं. आणि आठच्या बोटीत प्रत्येकीचं वल्हं एकाच बाजूला असलं तरी दोन्ही बाजूंनी वल्हवायला शिका. दुसऱ्या वर्षी पहिल्या बोटीतल्या एका मुलीच्या बरगडीला चीर गेली तेव्हा तिची जागा बो साइडची होती आणि मी स्ट्रोक साइडची. तरी बोलावणं मला आलं, कारण हिवाळाभर मी आठवड्यातून एकदा बाजू बदलून वल्हवत होते. दोन आठवडे मी तिच्या जागी बसले, आणि पहिल्या बोटीची लय मला तिथे बसून पहिल्यांदा कळली.