जनावरांचा बाजार टिकेल न टिकेल, तोवर तिथं विकायचं-घ्यायचं कसं

दारात कोणी जनावर मागायला आलं की लगेच होय म्हणू नका, आधी एक बाजार करून या. खरं तर एवढंच सांगायचं होतं, पण आता बाजार करायचा म्हणजे सोबत कागद काय लागतात आणि फसायला कुठं होतं हे पण सांगावं लागतं. नवीन पोरांना डेअरीचं फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) तोंडपाठ आहे, पण दावणीला उभ्या जनावराचा दर कसा निघतो ते बऱ्याच जणांनी बघितलेलंच नाही.

बाजार का मोडत चाललेत ते आधी थोडक्यात, कारण दर त्यावरच ठरतोय. ट्रॅक्टर आला आणि बैल कमी झाले, हे तर आहेच. पण मोठा फटका 4 मार्च 2015 पासून बसला, गोवंश हत्याबंदीत बैल आणि वळू पण आले तेव्हा. त्याआधी थकलेला बैल विकून जे पैसे यायचे त्यात भर घालून शेतकरी नवीन खोंड घ्यायचा, म्हणजे जुना बैल हीच नव्या बैलाची अर्धी रक्कम असायची. ती साखळी तुटली. 2022 ला लम्पी हा जनावरांच्या कातडीवर गाठी आणणारा साथीचा रोग आला आणि बाजार बंद, चालू झाले तरी कित्येक ठिकाणी पहिल्यासारखे भरलेच नाहीत. 2025 च्या पावसाळ्यात रस्त्यावर गोरक्षकांच्या अडवाअडवीला कंटाळून कुरेशी समाजाने, म्हणजे मांसाच्या धंद्यातल्या व्यापाऱ्यांनी, खरेदीच थांबवली, तेव्हा मराठवाड्यातल्या बाजारात जनावर घेऊन गेलेली माणसं तेच जनावर परत घेऊन घरी आली, भाड्याचे पैसे अंगावर. भाकड गायीचं तर विचारूच नका. 2024 पासून गोशाळांना देशी गायीमागे दिवसाला 50 रुपये अनुदान आहे, पण तीच गाय गोठ्यात सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला त्यातलं काही नाही, हे मला अजिबात पटत नाही.

खिल्लार जातीच्या खोंडांचं मात्र वेगळं. डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतीला परवानगी दिली, 2023 ला घटनापीठाने ती कायम केली, आणि पळणाऱ्या खोंडाला लाखात दर लागायला लागले. ते व्हिडिओ बघून आपल्या शेतातल्या बैलाचा दर ठरवू नका, शर्यतीचं गिऱ्हाईक वेगळं आणि नांगराचं वेगळं.

आता कामाचं.

बाजार निवडताना जवळचा आहे म्हणून जाऊ नका, जनावर बघून जा. म्हैस असेल तर नेवासा तालुक्यातल्या घोडेगावचा शुक्रवारचा बाजार, बैल असतील तर बेल्ह्याचा सोमवार किंवा चाकणचा शनिवार, खिल्लारसाठी सांगोल्याचा रविवार, शेळ्या-मेंढ्यांना लोणंदचा गुरुवार. लातूरकडच्यांना हाळी-हंडरगुळीचा बाजार सांगायलाच नको. निघायच्या आदल्या दिवशी बाजार समितीत फोन करून भरणार आहे का विचारा. साथीमुळे किंवा आंदोलनामुळे बाजार अचानक बंद राहतो आणि टेम्पोवाला भाडं सोडत नाही.

कानातला बिल्ला नसेल तर घरातून निघूच नका. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला बंदी आहे. बारा आकडी नंबर असतो, सरकारी दवाखान्यात मारून मिळतो आणि भारत पशुधन ॲपवर नोंद होते. ती नोंद कोणाच्या नावावर आहे ते पण बघून घ्या, कारण कित्येक जनावरं अजून आधीच्या मालकाच्याच नावावर असतात. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस झालेली असेल तर त्याची नोंद आणि वाहतुकीसाठी डॉक्टरचा आरोग्य दाखला, हे सगळं मोबाईलमध्ये फोटो आणि खिशात कागद असं दोन्ही ठेवा.

पोचायचं सकाळी लवकर आणि पहिला तासभर तर विकायचंच नाही. बिनधास्त दावणी फिरा, आपल्या जनावरासारख्याच दाताच्या, तितक्याच वेळा व्यायलेल्या जनावराला काय मागतायत आणि सौदा कितीला ठरतोय ते ऐका. बाजाराचा खरा उपयोग हाच आहे, तुमचं जनावर विकलं नाही तरी दर कळतो आणि पुढच्या आठवड्यात दारात आलेल्या हेड्याशी, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याशी, बोलताना तुमचा आवाज वेगळा असतो. बाजार मोडला तर हा दर कळायची जागाच जाईल, मग समोरचा सांगेल तोच भाव.

घेणार असाल तर दात स्वतः बघा. दोनदाती म्हणजे साधारण दोन-अडीच वर्ष, चारदाती तीनच्या आसपास, सहादाती साडेतीन-चार, आणि जुळला, म्हणजे सगळे दात आले, तर साडेचार-पाचच्या पुढं. जुळल्यावर वय किती ते दातांच्या झिजेवरनं ताडावं लागतं, तिथं जुन्या माणसाला सोबत न्या. शिंगं साळून, तेल लावून चकचकीत केलेली असतात त्याला भुलू नका. बैल चालवून बघा, बसवून उठवून बघा, खुरात बोट घालून बघा. जमलं तर जू ठेवून बघा, मारका आहे का बुजरा आहे ते तिथंच कळतं.

दुभत्या जनावरात सगळ्यात जास्त फसवणूक कासेत होते. एक वेळचं दूध न काढता जनावर बाजारात आणतात, कास तुंबलेली दिसते आणि आपल्याला वाटतं काय दूध आहे. चारी सडांतून स्वतः धार काढा, दूध नासकं, गाठीचं येतंय का बघा, एखादा सड आखडलेला असेल तर लगेच कळतं. आणि शक्य असेल तिथं दोन वेळचं दूध डोळ्यासमोर काढून घ्यायची अट घालाच, संध्याकाळ आणि सकाळ, अगदी मुक्काम करावा लागला तरी चालेल. गाभण म्हणून सांगितलं तर बाजारातल्या डॉक्टरकडून तपासून घ्या, तोंडी महिन्यांवर विश्वास ठेवू नका.

सौद्याचं म्हणाल तर रुमालाखालचा व्यवहार अजून कुठं कुठं चालतो, बोटं दाबून दर सांगतात. ज्याला ती बोटं कळत नाहीत त्याने लाजायचं नाही, सरळ सांगायचं की तोंडाने बोला. दलाल असेल तर त्याची दलाली कोण देणार आणि किती हे सौद्याच्या आधीच बोलून घ्या, नंतर वाद होतात. एकच दलाल दोन्हीकडून बोलत असेल तर तिथून बाजूला व्हा. इसार घेतला तर उरलेली रक्कम कधी ते लिहून घ्या, आणि पैसे खात्यावर आल्याचं आपल्या ॲपमध्ये दिसल्याशिवाय कासरा हातातून सोडू नका, समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट चालत नाही.

बाजाराची पावती फाडायचीच. शे-दोनशे वाचवायला गेटबाहेर व्यवहार करणारे पुष्कळ आहेत, पण उद्या रस्त्यात गाडी अडवली तर तीच पावती उपयोगी पडते. विकणाऱ्याने पण घेणाऱ्याच्या आधारची आणि सातबाऱ्याची झेरॉक्स ठेवावी, पावतीवर बिल्ल्याचा नंबर लिहून घ्यावा, म्हणजे बैल शेतीकामाला विकला हे दाखवायला काहीतरी हातात राहतं. गाडीत कोंबून भरू नका, 1978 च्या वाहतूक नियमात ट्रकमध्ये सहा मोठ्या जनावरांचीच मर्यादा आहे, पाणी आणि चारा सोबत पाहिजे. शक्यतो दिवसाउजेडी निघा. रस्त्यात जमाव आडवा आला तर हुज्जत नको, 112 ला फोन लावा आणि कागद पोलिसांच्या समोर दाखवा.

घरी आणलेलं जनावर पहिले पंधरा-वीस दिवस वेगळं बांधा, गव्हाण आणि पाण्याची बादली पण वेगळी. आणि दवाखान्यात जाऊन बिल्ल्याच्या नोंदीतलं मालकाचं नाव बदलून घ्या, हे निम्मे लोक करत नाहीत.

व्हॉट्सॲप ग्रुप आणि फेसबुकवरून घेण्याबद्दल विचारतात. दर बघायला, गिऱ्हाईक शोधायला चांगलं आहे, पण फोटो बघून ॲडव्हान्स टाकू नका, गाडीभाडं पाठवा म्हणणाऱ्याला तर अजिबात नाही. फोटोत ना कास कळते ना जनावराची वाईट सवय.

शेवटचं काम एकट्याने होत नाही. बाजार एकतर बाजार समितीचा असतो नाहीतर ग्रामपंचायत, नगरपालिकेचा, आणि तो चालू ठेवायचा का हे वसुली बघून ठरतं. म्हणून पावत्या फाटल्या पाहिजेत, आणि फाटल्या की त्या पैशातून काय केलं हे विचारलं पाहिजे. जनावर गाडीतून उतरवायला धक्का, पाण्याचा हौद, सावली, बाजाराच्या दिवशी डॉक्टर, आणि परतीच्या रस्त्यावर पोलीस बंदोबस्त, या मागण्या लेखी द्या, गावातल्या पंधरा-वीस जणांच्या सह्या घ्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधून उठू नका.