अर्ज सर करतात, पैसे संस्थेला येतात : संशोधन प्रस्तावाचे कागद कसे जुळवायचे

आमच्याकडे कॉलेजच्या ऑफिसात बसणाऱ्याला भाऊसाहेब म्हणतात, नाव कुणी विचारत नाही. तेवीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित कॉलेजात भाऊसाहेब आहे. त्यातली शेवटची अकरा संशोधन विभागाच्या टेबलावर गेली. विज्ञानातलं मला काही कळत नाही. पण चांगलं विज्ञान कागदापायी दारातच अडलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय, म्हणून नव्याने प्रस्ताव लिहिणाऱ्या सर-मॅडमसाठी हे लिहितोय.

पहिला अनुभव सांगतो. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत ओतकाम झाल्यावर टाकून दिलेली वाळू असते, तिचं काय करता येईल यावर आमच्या एका सरांनी उत्तम प्रस्ताव लिहिला होता. मुदतीच्या दिवशी दुपारी साडेचारला ते माझ्यासमोर उभे. म्हणाले, "भाऊसाहेब, फक्त एक सही पाहिजे." प्राचार्य पुण्याला मीटिंगला गेलेले. चार्ज तोंडी दिलेला, लेखी आदेश नाही. ज्यांच्याकडे चार्ज होता त्यांनी सही करायला नकार दिला आणि त्यांचं बरोबरच होतं. पाच वाजता पोर्टल बंद झालं. ती वाळू पुढे वर्षभर तशीच पडली.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना एकच सांगतो. अर्ज तुम्ही करता, पण पैसे संस्थेला येतात. मंजुरीपत्र संस्थेच्या नावाने निघतं, हिशोब संस्था देते, तुम्ही बदलून गेलात तरी उत्तर संस्थाच देते. म्हणून प्रस्तावातल्या प्रत्येक आकड्याला आणि प्रत्येक वाक्याला संस्थेला 'हो' म्हणता आलं पाहिजे. एकदा हे डोक्यात बसलं की पुढची बरीच भानगड आपोआप सुटते.

माझ्याकडे पहिल्यांदा याल तेव्हा गोषवारा आणू नका, ज्या योजनेत अर्ज करायचाय तिच्या जाहिरातीचं प्रिंट आणा. त्यात चार जागी पिवळा मार्कर मारायचा : पात्रता, मुदत, खर्चाच्या मर्यादा आणि जोडायच्या कागदांचे नमुने. मुदत वाचताना एक खाच असते. काही योजनांत तुम्ही 'सबमिट' दाबलं की अर्ज संस्थाप्रमुखांच्या लॉगिनला जातो आणि त्यांनी पुढे पाठवल्याशिवाय तो पोचलाच नाही असं धरतात. म्हणजे तुमची शेवटची तारीख छापलेल्या तारखेच्या आधीच आली. नमुनाही त्याच जाहिरातीतला घ्या, मित्राच्या पेनड्राईव्हमधला नको. एसईआरबी हे संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये, म्हणजे एएनआरएफमध्ये गेलं. तरीही 'सचिव, एसईआरबी' असा मायना असलेली पत्रं माझ्याकडे अजून सहीला येतात. आपल्याकडे जुनं नाव सुटायला वेळ लागतोच. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने बीसीयूडी, म्हणजे विद्यापीठातलं महाविद्यालय विकास मंडळ गेलं, पण "बीसीयूडीत जाऊन आलो" म्हणणारे अजून भेटतात. बोलण्यात चालतं, पत्रावर चालत नाही.

पात्रतेत वयाची ओळ नीट वाचा. तुमच्या वयाची नव्हे, उरलेल्या नोकरीची. आपल्याकडे प्राध्यापक ६० ला निवृत्त होतात. तीन वर्षांचा प्रकल्प आणि तुमची सेवा दोन वर्षं चार महिने उरलेली, असं असेल तर बऱ्याच ठिकाणी अर्ज तिथेच बाद होतो. अशा वेळी विभागातल्या तरुण सहकाऱ्याला मुख्य संशोधक करा आणि तुम्ही सहसंशोधक व्हा. हे सुचवल्यावर दोघांनी माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. एकाचा प्रकल्प मात्र मंजूर झाला.

पुढचा विषय रटाळ आहे, पण टाळू नका : संस्थेचं नाव. आपल्याकडे कॉलेज वेगळं आणि ते चालवणारी शिक्षण संस्था वेगळी. पॅन बऱ्याचदा शिक्षण संस्थेच्या नावावर, बँकेचं खातं कॉलेजच्या नावावर, पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे ज्यातून येतात त्या केंद्राच्या ऑनलाइन यंत्रणेवर, तिसरंच स्पेलिंग आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद होते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद शिक्षण संस्थेची. तुम्ही प्रोफाइलमध्ये लेटरहेडवरचं नाव टाकून मोकळे होता. पैसे यायची वेळ आली की ही चार नावं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. आमच्याकडे एकदा एका 'अँड'ने दोन महिने खाल्ले. एका कागदावर तो अक्षरांत होता, दुसऱ्यावर चिन्हात. म्हणून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर पॅनवरचं नाव, पीएफएमएस कोड, दर्पणचा क्रमांक, आयशे (उच्च शिक्षणाची देशव्यापी पाहणी) कोड आणि यूजीसी कायद्याच्या २(एफ) व १२(बी) कलमांखालच्या मान्यतेच्या पत्राची तारीख लिहिलीय. तुमच्या ऑफिसात अशी चिठ्ठी नसेल तर आजच करून घ्या आणि मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा.

आता बजेट. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्या सगळ्या हुशार माणसं करतात.

संशोधन सहायकाचा पगार घ्या. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचं, म्हणजे कनिष्ठ संशोधकाचं मानधन पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि नंतर एसआरएफचं, म्हणजे वरिष्ठ संशोधकाचं ४२,००० आहे. सर काय करतात, ३७,००० गुणिले ३६ करून १३,३२,००० लिहितात आणि पुढे जातात. दोन गोष्टी राहिल्या. तिसऱ्या वर्षी दर बदलतो ही एक. दुसरी घरभाडं. राहायची सोय संस्थेने केली नसेल तर ते केंद्राच्या नियमाने द्यायचं असतं आणि त्या नियमात शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत, कोल्हापूर 'वाय' वर्गातलं शहर आहे. २० टक्के दर धरला तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० अधिक ७,४००, म्हणजे ४४,४००. चोवीस महिन्यांचे १०,६५,६००. तिसऱ्या वर्षी ४२,००० अधिक ८,४००, म्हणजे ५०,४००, बारा महिन्यांचे ६,०४,८००. एकूण १६,७०,४००. पहिल्या आकड्यापेक्षा ३,३८,४०० जास्त. हे पैसे मागितलेच नाहीत तर तिसऱ्या वर्षी त्या पोराला काय सांगणार? पुण्यातल्या सहकाऱ्याचं बजेट समोर ठेवून उतरवलं तरी गडबड होते, कारण पुणे 'एक्स' वर्गात आहे, तिथला दर वेगळा.

दुसरी चूक यंत्राच्या किमतीची. कोटेशन येतं ८,५०,००० चं आणि तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी एक्स्ट्रा' असतं. १८ टक्क्यांनी १,५३,००० वाढले की यंत्र १०,०३,००० ला पडतं. पूर्वी संशोधन संस्थांना ५ टक्क्यांची सवलत होती, ती जुलै २०२२ मध्ये गेली. जुना प्रस्ताव कॉपी करणाऱ्यांना हे कळत नाही. कोटेशन मागतानाच कर, वाहतूक, बसवून देणं आणि वॉरंटी संपल्यावरची देखभाल हे सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा. आणि विक्रेत्याला स्वच्छ सांगा की हे बजेटसाठी आहे, खरेदीसाठी नाही. मंजुरीनंतर खरेदी नव्याने, नियमाने, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल बघूनच करावी लागते. "साहेब, तुम्ही तर शब्द दिला होता" म्हणत विक्रेता ऑफिसात येऊन बसला की चहा मला पाजावा लागतो.

प्रवासखर्च, रसायनं, किरकोळ खर्च यांना गोल आकडा टाकू नका. प्रत्येकापुढे दोन ओळींचं कारण लिहा : किती नमुने, किती फेऱ्या, कुठून कुठे. ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या जागा-वीज-ऑफिसचा खर्च, किती टक्के ते जाहिरातीत बघून तेवढेच मागा. ते संस्थेचे असतात, तुमचे नव्हेत. त्यावरून वाद घालू नका.

कामाच्या वेळापत्रकाचं म्हणाल तर तो माझा प्रांत नाही. तरी एकदा तोंड उघडावंच लागलं. गुळावरचा प्रस्ताव होता, मॅडम नव्या, बाहेरगावच्या. तक्त्यात लिहिलेलं : जून ते ऑगस्ट, करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांतून नमुने गोळा करणे. मी म्हटलं, "मॅडम, पावसाळ्यात गुऱ्हाळ कुठलं चालू असतंय? चुलवाण विझलेलं असतंय, मालक रानात असतोय." त्या हसल्या आणि तक्ता फिरवला. तपासणारा माणूस दिल्लीत बसला असला तरी त्याच्या शेजारी एखादा कोल्हापूरचा असू शकतो. शिवाय मंजुरी आली की लगेच माणूस मिळतो असं नाही. जाहिरात, मुलाखत, रुजू होणं यात महिने जातात. तेवढी जागा तक्त्यात सोडा.

परवानग्यांना मात्र आधीपासून हात घाला. राधानगरी अभयारण्यातून वनस्पती आणायच्या असतील तर वनखात्याची परवानगी लागते, ती आठवड्यात मिळत नाही. माणसांवरचा अभ्यास असेल, अगदी ऊसतोड कामगारांच्या आरोग्याचा साधा सर्व्हे असला, तरी नैतिकता समितीचं पत्र लागतं आणि आपल्या समितीची बैठक रोज होत नसते. प्राणी असतील तर प्राण्यांची समिती, जनुकीय बदल केलेलं काही असेल तर जैवसुरक्षा समिती. मंजुरी हाती नसेल तर निदान अर्जाची पोहोच जोडायला मी लावतो. मजकुराची साम्य-तपासणी ग्रंथपालांकडे असते. ती आधी करून घ्या, कारण अहवाल बघून दोन पानं पुन्हा लिहावी लागतील हे धरूनच चाला.

आता ती 'फक्त एक सही'. सहीच्या आधी प्राचार्यांपुढे ठेवायची टिपणी लागते. ती सरांनी लिहायची, मी नाही. चार वाक्यं पुरतात. नमुना देतो : "अमुक संस्थेच्या अमुक योजनेखाली तीन वर्षांचा, एकूण इतक्या रकमेचा प्रस्ताव सादर करावयाचा आहे. महाविद्यालयाला स्वतःचा हिस्सा घालावयाचा नाही. यंत्रासाठी रसायनशास्त्र विभागातील खोली व थ्री-फेज जोडणी उपलब्ध आहे. संस्थेच्या शिफारसपत्रावर स्वाक्षरी होणेस विनंती. मान्यतेस्तव सविनय सादर." दुसरं आणि तिसरं वाक्य महत्त्वाचं. प्राचार्य सहीला थांबतात ते विज्ञानामुळे नाही, लाईटचं बिल कोण भरणार यामुळे.

टिपणी मंजूर झाली की शिफारसपत्र लेटरहेडवर, जाहिरातीतल्या नमुन्यातच, एक शब्दही न बदलता. जावक क्रमांक आणि तारीख घाला, सहीखाली नाव आणि हुद्द्याचा शिक्का, शेजारी संस्थेचा गोल शिक्का. सही प्रभारींची असेल तर त्यांच्या नेमणुकीचा लेखी आदेश फाईलला असू दे. सहसंशोधक दुसऱ्या कॉलेजचे असतील तर त्यांच्या प्राचार्यांचं पत्र वेगळं. ते इचलकरंजीहून यायचं असलं तरी दोन दिवस धरा. एखाद्या कराराला स्टॅम्प लागला तर लक्षात ठेवा, १०० चा आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा झालाय. आणि कागद स्कॅन करा, स्कॅन. टेबलावर ठेवून मोबाईलने काढलेल्या फोटोत एका सरांचा अंगठा आणि मिसळीच्या प्लेटची कड आली होती.

दिवसांचा हिशोब उलटा मोजा. मुदत महिन्याच्या ३० ला असेल तर २७ ला अर्ज वर चढलेला हवा. २४ ला सही, २० ला टिपणी माझ्याकडे, १५ ला बजेट आणि कोटेशनं. परवानग्यांचे अर्ज मागच्याच महिन्यात गेलेले. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो, पीडीएफची मर्यादा ओलांडलेली निघते आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते.

अर्ज गेला की पोहोचेची पावती, अपलोड केलेला अर्ज जसाच्या तसा आणि कोटेशनांच्या मूळ प्रती एका फाईलला लावा. मंजूर झाला तर तीच फाईल पुढे चालते. जीएफआर (केंद्राचे आर्थिक नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला, भरताना मला खर्चाच्या प्रत्येक हेडची मूळ मंजूर रक्कम बघावी लागते. खात्यावर पडलेलं व्याजही भारतकोश या केंद्राच्या पैसे भरायच्या पोर्टलमधून सरकारला परत जातं, ते खर्चून टाकलं तर भरून द्यायला लागतं. नामंजूर झाला तर परीक्षकांचे शेरे त्याच फाईलला लावून ठेवा, पुढच्या वेळी पहिलं पान तिथूनच सुरू होईल.

फाईल आणून द्याल तेव्हा शिपाई मामांना सांगा, वरच्या कप्प्यात ठेवायला. खालचा कप्पा मी २०१९ च्या महापुरानंतर रिकामाच ठेवलाय. त्या ऑगस्टमध्ये तळमजल्यावर पाणी आलं आणि दोन प्रकल्पांची मूळ बिलं भिजून लगदा झाली. त्यांच्या नकला गोळा करायला शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरीतली दुकानं मी आठ दिवस पायाखाली घातली होती.