देशांवरचे विनोद सांगण्याआधी कसे तपासावेत

अमुक देशाचे लोक कंजूष, तमुक देशाचे मठ्ठ, तिसऱ्या देशाचे घड्याळाला बांधलेले. अशा समजांवर उभे असलेले विनोद जगभर चालतात. एकच विनोद एका टेबलावर हशा पिकवतो आणि शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी वर्मी लागतो. त्यामुळे ‘हे विनोद गमतीचे की अपमानाचे’ हा प्रश्न सरसकट सुटत नाही. प्रत्येक विनोद वेगळा तपासावा लागतो, आणि सराव झाला की त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

आधी देशाचं नाव बदलून बघा

अमेरिकेत पोलिश लोकांवरचा एक विनोद फार चालला. बल्ब बदलायला किती पोलिश लागतात? पाच. एक टेबलावर उभा राहून बल्ब धरतो, बाकीचे चौघे टेबल फिरवतात.

आता ‘पोलिश’च्या जागी जगातल्या कुठल्याही देशाचं नाव घाला. विनोदाला काहीच फरक पडत नाही, कारण त्यात पोलंडबद्दल एक अक्षर नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यांनी अशा विनोदांचा आयुष्यभर अभ्यास केला. इंग्रज आयरिश लोकांना, फ्रेंच बेल्जियन लोकांना, ब्राझीलवाले पोर्तुगीजांना मूर्ख ठरवतात, आणि बऱ्याचदा किस्सा तोच असतो. बळी ठरतो तो सहसा दूरचा परका नसतो. तो आपल्यासारखाच, पण थोडा कडेला राहिलेला शेजारी किंवा स्थलांतरित असतो.

नाव बदलूनही विनोद तसाच चालत असेल, तर देश त्यात केवळ मार खायला उभा केलेला आहे. असा विनोद सोडून द्या. गंमत टेबल फिरवण्याच्या चित्रात आहे आणि ती हवीच असेल, तर देश काढून ‘आमच्या समितीला बल्ब बदलायचा होता’ अशी सुरुवात करा. हशा तेवढाच येतो.

मग विनोद कशावर बोट ठेवतो ते पाहा

लोक जे करतात त्यावर केलेला विनोद सहसा पचतो. रांग लावण्याची शिस्त, संप, कागदी घोडे, वाहन चालवण्याची तऱ्हा, फुटबॉलचं वेड, भाषेची रचना हे त्यात आलं. लोक जे ‘आहेत’ असं ठरवून टाकलेलं असतं, म्हणजे अक्कल, स्वच्छता, प्रामाणिकपणा, भित्रेपणा, त्यावरचा विनोद जखम करतो. दुष्काळ, वंशसंहार, गुलामी, हरलेलं युद्ध यांना तर हात लावूच नये.

हा फरक जानेवारी 2009 मध्ये ब्रसेल्समध्ये उघड्यावर दिसला. युरोपीय संघाचं अध्यक्षपद चेक प्रजासत्ताकाकडे आलं होतं. त्यानिमित्त डेव्हिड चेर्नी या शिल्पकाराची ‘एन्ट्रोपा’ ही प्रचंड कलाकृती संघाच्या परिषदेच्या इमारतीत लावली गेली. खेळण्यातल्या मॉडेलचे सुटे भाग चौकटीत अडकवलेले असतात तसे त्यात सदस्य देश होते. फ्रान्सच्या नकाशावर ‘संप’ असा फलक होता, इटलीत फुटबॉलचं मैदान होतं, आणि बल्गेरिया उकिडवं बसायच्या संडासांचा बनवला होता. बल्गेरियाने अधिकृत निषेध नोंदवला आणि तो भाग काळ्या कापडाने झाकावा लागला.

फ्रान्सचा फलक आणि बल्गेरियाचे संडास यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे. संप फ्रेंच माणूस स्वतः ठरवून करतो, त्यासाठी भांडतो, त्याचा अभिमानही बाळगतो. संडासाचं चित्र बल्गेरियन लोक काय करतात याबद्दल काहीच सांगत नाही, ते फक्त ‘मागासलेले’ एवढंच म्हणतं. शिवाय त्या तऱ्हेच्या संडासाला युरोपात ‘तुर्की’ म्हणतात, आणि बल्गेरिया सुमारे पाच शतकं ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होता. विनोद करणाऱ्याच्या मनात हे असो वा नसो, ऐकणाऱ्याच्या मनात येऊ शकतं. म्हणून ज्या देशावर बोलायचं त्याच्या इतिहासातली दुखरी जागा ठाऊक नसेल, तर त्या देशावर विनोद करू नका.

‘पण त्यात थोडं तथ्य असतंच ना?’ हा बचाव नेहमी येतो. 2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 49 संस्कृतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या देशाचा माणूस साधारण कसा असतो याबद्दल लोकांचा समज, आणि तिथल्या माणसांच्या स्वभावाच्या प्रत्यक्ष चाचण्या, यांची त्यात तुलना होती. दोन्हींचा मेळ बसला नाही. कायदे, सुट्ट्या, रेल्वेचं वेळापत्रक यांत तथ्य असू शकतं. राष्ट्रीय स्वभावाच्या बाबतीत मात्र हा बचाव टिकत नाही.

बांधणीत क्रम महत्त्वाचा

युरोपातला एक जुना विनोद घ्या. स्वर्गात पोलीस ब्रिटिश, स्वयंपाकी फ्रेंच, मेकॅनिक जर्मन, प्रियकर इटालियन आणि सगळी व्यवस्था स्विस लोकांकडे असते. नरकात स्वयंपाकी ब्रिटिश, मेकॅनिक फ्रेंच, प्रियकर स्विस, पोलीस जर्मन आणि सगळी व्यवस्था इटालियन लोकांकडे असते.

इथे पाचही देशांना एकदा मान मिळतो आणि एकदा चिमटा बसतो. कुणी एकटा सापडत नाही, म्हणून हा विनोद इतकी वर्षं टिकला. तरी त्यात एक जड शब्द आहे: जर्मन पोलीस. त्यामागे नाझी काळाची सावली आहे. सगळ्यात मोठा हशा शेवटच्या जागेला मिळतो, म्हणून जड शब्द कधीही शेवटी ठेवू नये आणि त्याच्यावर थांबूही नये. पोलिसांवरून पटकन पुढे जा आणि इटालियन व्यवस्थेवर संपवा. कुठल्याही देशाच्या उच्चाराची नक्कल करू नका. शब्दांतला चिमटा सहन होतो, नकलेने मात्र तो थेट माणसावर येतो.

भाषेवरचे विनोद सगळ्यांत सुरक्षित, कारण ते तपासता येतात. ‘जर्मनांना विनोद कळत नाही’ हे पोकळ विधान आहे. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं तरी कुठे, हा खरा विनोद आहे. मराठी माणसाने तो जपूनच सांगावा. आपलंही क्रियापद शेवटीच बसतं, आणि हे कबूल केलं की विनोद आणखी खुलतो.

समोर कोण बसलंय

दहा जणांत त्या देशाचा एकच माणूस असेल तर तो विनोद सांगू नका. पंचलाइन येताच नऊ जोडी डोळे त्याच्याकडे वळतात आणि हसावं की नाही हे त्याला सगळ्यांसमोर ठरवावं लागतं. तीन-चार जण असतील तर ते उलट टोला देऊ शकतात, आणि मग थट्टा दोन्ही बाजूंनी चालते. हाताखालच्या माणसाच्या देशावर तर मुळीच नाही. तो हसतो ते नोकरीसाठी, विनोद आवडला म्हणून नव्हे.

डेव्हिस यांच्या मते विनोद समाजाचं तापमान फक्त दाखवतात, ते वाढवत नाहीत. थॉमस फोर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत वेगळी बाजू दिसली: ज्याच्या मनात आधीच अढी आहे, त्याला तुच्छतेचा विनोद ऐकल्यावर भेदभाव जास्त चालवून घ्यावासा वाटतो. आमच्या मते व्यवहारात फोर्ड यांचं म्हणणं धरून चालावं, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात काय आहे ते सांगणाऱ्याला दिसत नाही.

स्वतःवर हसणाऱ्यांचे विनोद उचलतानाही हीच काळजी घ्या. बल्गेरियातल्या गाब्रोवो गावाने आपल्या काटकसरीवर विनोदांचं भांडार उभं केलं. तिथले लोक मांजरांची शेपटी कापतात, कारण मांजर आत आल्यावर दार लवकर बंद होतं आणि ऊब वाचते. 1972 पासून त्या गावात विनोदाचं संग्रहालयही आहे. गाववाले सांगतात तेव्हा त्यात स्वतःच्या हुशारीचं कौतुक असतं. बाहेरच्याने सांगताना ‘गाब्रोवोचे लोक स्वतःबद्दल असं सांगतात’ हे वाक्य गाळू नये.

अंगाशी आलं तर

दोन-तीन सेकंद शांतता पसरली किंवा एखाद्याचा चेहरा उतरला, की विनोद फसला. तो समजावून सांगू नका, पुन्हा सांगू नका. ‘मनावर घेऊ नका’, ‘तिथले माझे मित्र आहेत’, ‘तुम्हाला विनोद कळला नाही’ ही तिन्ही वाक्यं जखमेवर मीठ चोळतात. ‘हे चुकलं माझं. माफ करा.’ एवढं बोला आणि विषय बदला. त्या माणसाला त्याच दिवशी एकट्यात भेटून पुन्हा एकदा सांगा. भर सभेत लांबलचक माफी मागितली तर सगळ्यांचं लक्ष परत त्याच्यावरच जातं.

ऐकणारे तुम्ही असाल तर हसणं बंधनकारक नाही. ‘कळलं नाही, यात गंमत काय आहे?’ असं शांतपणे विचारा. सांगणाऱ्याला मग ‘ते लोक घाणेरडे असतात ना’ असं उघड म्हणावं लागतं, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

लेखी संदेशात हे विनोद पाठवूच नका. आवाज, चेहरा, समोर कोण आहे याचा अंदाज, यांतलं काहीच त्यात उरत नाही. पुढे पाठवला गेलेला संदेश कुणाच्या हाती पडेल ते तुम्ही ठरवू शकत नाही, आणि हसरा चेहरा जोडून त्यात फरक पडत नाही.