लोकेलची वॉर्निंग गप्प करण्याआधी

उबंटूच्या लॅपटॉपवरून डेबियन सर्व्हरवर एसएसएच केलं (म्हणजे दुरून लॉगिन) आणि पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसची कमांड, चालवलं, की आधी कुरकुर ऐकावी लागते: ‘पर्ल: वॉर्निंग: सेटिंग लोकेल फेल्ड.’ डेटाबेसमध्ये पर्ल कुठून आलं? डेबियनवर पीएसक्यूएल ही कमांड म्हणजे पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतलं छोटं आवरण आहे. लॅपटॉप बसवताना आपण ‘भारत’ निवडलेला असतो, म्हणून एसएसएच ‘ईएन_आयएन’ हे लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाची सेटिंग, सोबत नेतं. सर्व्हरवर ते नसतं.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप रोमनमध्येच करा.)

आधी सर्व्हरवर ‘लोकेल -ए’ चालवून यादी बघा. नाव नसेल तर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ द्या, ‘ईएन_आयएन’वर आणि हवं तर ‘एमआर_आयएन’वर स्पेसबारने खूण करा. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. कुरकुर थांबते.

बरेच जण मात्र ‘एलसी_ऑल=सी’ लावून, म्हणजे सगळीकडे ‘सी’ हे साधं लोकेल सक्तीचं करून, मोकळे होतात. एरवी चालून जातं. पण पोस्टग्रेस बसवायच्या दिवशीच हे केलं, तर क्लस्टर (पोस्टग्रेसच्या डेटाबेसांचा संच) ‘सी’ लोकेलमध्ये तयार होतो आणि त्याचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत, ‘एसक्यूएल_आस्की’ ठरतं. म्हणजे सर्व्हर बाइट्स तपासतच नाही, जे येईल ते पोटात घालतो.

तुमचं काय झालंय ते एका ओळीत कळतं: ‘सिलेक्ट लेंग्थ’ला ‘मराठी’ हा शब्द द्या. उत्तर ५ आलं तर ठीक. १५ आलं तर पोस्टग्रेस अक्षरं नव्हे, बाइट्स मोजतोय, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेतं. मग ‘लेफ्ट’ने (सुरुवातीची ठरावीक अक्षरं घेणारं फंक्शन) नाव छाटलं की अक्षर मधोमध तुटतं.

असलेल्या डेटाबेसचं एन्कोडिंग बदलता येत नाही. पीजी_डंपने डेटाबेसची फाइल (डंप) काढून घ्या, ‘टेम्प्लेट०’ या पोस्टग्रेसच्या कोऱ्या साच्यावरून ‘यूटीएफ८’ एन्कोडिंगचा नवा डेटाबेस करा (‘टेम्प्लेट१’ वापरला तर एन्कोडिंग जुळत नाही म्हणून नकार मिळेल) आणि डंप त्यात भरा.

खरा घोळ इथे बाहेर पडतो. ‘इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स’ म्हणत भरणं अडतं, पुढे ‘०एक्स९२’ असं काहीतरी दिसतं. हा बहुतेक वेळा विंडोजमधून चिकटवलेल्या मजकुरातला वाकडा अपॉस्ट्रॉफी असतो. एररमधल्या ओळ क्रमांकावरून डंपच्या प्रतीत तो साधा करा आणि पुन्हा भरा. अख्ख्या फाइलवर एन्कोडिंग बदलणारं आयकॉन्व्ह फिरवू नका, त्यात नीट असलेलं मराठी बिघडेल. जुना डेटाबेस आठवडाभर तरी पुसू नका.