हाताला न लागणारी स्तनातील गाठ : शस्त्रक्रियेआधी खूण करताना या चुका टाळा

चाचपून न सापडणारी गाठ काढायची तर आधी तिच्यापाशी खूण ठेवावी लागते : हूक असलेली तार, चुंबकीय सीड (बारीक दाण्यासारखा तुकडा) किंवा किरणोत्सारी सीड. खूण चुकली तर पहिली शंका स्तनाच्या आकारावर घ्यावी. चित्र काढताना तो एक असतो, ऑपरेशन टेबलावर दुसराच.

मॅमोग्राफीखाली तार घालताना हे फार नडते. स्तन दाबलेला असताना टोक अगदी गाठीत दिसते. दाब काढला की ऊती पसरतात आणि दाबाच्या दिशेने तार पुढे-मागे सरकते. पहिल्या चित्रावर विसंबून हूक सोडू नका. तार ज्यातून घालता ती सुई गाठीच्या थोडी पलीकडे न्या, दाब काढा, काटकोनातले दुसरे चित्र घ्या, टोक गाठीपलीकडे साधारण १ सेंटिमीटरवर येईल इतपत सुई मागे ओढा आणि मगच हूक उघडा. बऱ्याच तारांचा हूक एकदा उघडला की परत सुईत घेता येत नाही, म्हणून इथली घाई महागात पडते.

सोनोग्राफीखाली सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवा. उभी खुपसली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्वचेवर खूण करताना रुग्ण ऑपरेशनच्याच स्थितीत, हात बाजूला पसरून झोपलेली हवी. प्रोब (सोनोग्राफीचे त्वचेवर फिरवायचे उपकरण) दाबून गाठीची खोली मोजलीत तर आकडा कमी येतो.

बायोप्सीनंतर जागेची खूण म्हणून ठेवलेली धातूची बारीक क्लिप म्हणजेच गाठ, हे गृहीत धरू नका. क्लिप सुईच्या मार्गात सरकलेली असू शकते. बायोप्सीआधीची चित्रे शेजारी लावून पाहा. कॅल्शियमचे कण लांबवर पसरले असतील तर एकच तार पुरत नाही, दोन टोकांना दोन लावा.

चुंबकीय सीड शोधताना स्टीलची उपकरणे जवळ असली की यंत्र चुकीचा आवाज देते. प्लास्टिकचे रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला धरणारी साधने) हाताशी ठेवा. आयोडीन-१२५ या किरणोत्सारी सीडसोबत टेक्नेशियम हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ वापरून सेंटिनल ग्रंथीही (कर्करोग पसरलाच तर जिथे आधी पोहोचतो ती लसिका ग्रंथी) शोधायची असेल, तर गॅमा प्रोबवर (किरणोत्सार टिपणाऱ्या यंत्रावर) योग्य ऊर्जा निवडलेली आहे ना, ते पाहा : आयोडीनची सुमारे २७ केईव्ही (ऊर्जेचे एकक), टेक्नेशियमची १४०.

टेबलावर तार ओढून गाठ वर आणायचा मोह होतो. त्याने हूक निसटतो. कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापणारे उपकरण) किंवा कात्रीने तार तुटली तर तिचा तुकडा आतच राहतो.

काढलेल्या भागाला दिशा कळेल असे टाके लावा आणि जखम शिवण्याआधी त्याचा दोन कोनांतून एक्स-रे घ्या. गाठ फक्त सोनोग्राफीत दिसत होती, तर नमुन्याचीही सोनोग्राफीच करा. एक्स-रेत ती दिसेलच असे नाही. एक्स-रेत तार आहे पण गाठ किंवा क्लिप नाही, असे झाले तर अंदाजाने आणखी कापत बसू नका. रेडिओलॉजिस्टला फोन लावा आणि तार घातल्यावरची दोन्ही चित्रे पुन्हा समोर घ्या : गाठ तारेच्या कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर होती, हे तिथेच मोजता येते.