पीपीआरचा संशय आला तर शेळ्यांचं सॅम्पल लॅबला कसं पाठवायचं

ताप, नाक-डोळे गळणं, हिरड्यांवर चट्टे आणि मग घाण वासाची हगवण, दोन-चार दिवसांत कळपातल्या तीन-चार शेळ्यांना असं झालं की आमच्याकडची जुनी माणसं सरळ बुळकांडी म्हणतात. बऱ्याचदा तो पीपीआरच असतो, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणारा विषाणूचा रोग. पण तोंडाचा मावा, लाळ्या खुरकूत, नुसता न्यूमोनिया, सुरुवातीला हे सगळं सारखंच दिसतं, म्हणून अंदाजाने इंजेक्शनं मारत बसण्यापेक्षा पहिल्या दोन दिवसांतच सॅम्पल पाठवा.

सॅम्पल कोणत्या शेळीचं घ्यायचं, सगळ्यात महत्त्वाचं हेच. आम्ही पहिल्या वेळी सगळ्यात जास्त आजारी शेळी निवडली, आठ दिवस हगवण लागलेली, डोळे चिपडाने चिकटलेले, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, तोवर इकडे करडं मरत होती. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की विषाणू जास्त सापडतो तो ताप नुकताच चढलेल्या जनावरात, नाकातून अजून पातळ पाणीच येतंय, घट्ट शेंबूड झालेला नाही, अशा वेळी. म्हणून रोज सकाळी थर्मामीटर लावा, वरून धडधाकट दिसणाऱ्यांनाही. शेळीचं नॉर्मल तापमान साधारण 101.5 ते 103.5 फॅरेनहाइट असतं, भर उन्हातून आल्यावर मोजलं तर फसगत होते. 104 च्या वर गेलेल्या चार-पाच शेळ्या वेगळ्या काढा आणि डॉक्टरांना त्याच दाखवा.

सॅम्पल डॉक्टरांनाच काढू द्या. दवाखान्यात सांगा नाहीतर 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा. पीपीआर 2009 च्या केंद्राच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत आहे, त्यामुळे कळवणं आपल्यावर बंधनकारकच आहे. डॉक्टर नाकाचे, डोळ्याचे आणि गुदद्वाराचे स्वॅब (काडीवरच्या बोंडकाने पुसून घेतलेले नमुने) घेतील, तेव्हा काडी प्लास्टिकची आणि बोंडूक पॉलिस्टरचं आहे ना ते बघा, लाकडी काडीने पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट, बिघडू शकतं. मानेच्या शिरेतून रक्त दोन ट्यूबमध्ये घेतात. जांभळ्या झाकणाची ट्यूब हळूच आठ-दहा वेळा उलटसुलट करायची म्हणजे रक्त गोठत नाही, आणि लाल झाकणाची अजिबात हलवायची नाही, सावलीत तिरकी ठेवायची, थोड्या वेळाने वर पिवळसर पाणी सुटतं तेच सीरम. ते लालभडक दिसलं तर रक्तपेशी फुटल्यात, मग परत घ्यायला सांगा, लाजू नका.

शेळी मेली असेल तर लवकरात लवकर पोस्टमॉर्टेम करून घ्या, उन्हाळ्यात तर काही तासांत आतलं सगळं सडतं. फुप्फुस, प्लीहा, आतड्याजवळच्या गाठी यांचे तुकडे बर्फावर जातात. फॉर्मेलिनमध्ये टाकलेला तुकडा फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, विषाणू शोधायला तो चालत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळे ठेवायचे.

आता बर्फ. थर्माकोलच्या डब्यात खाली-वर आइस पॅक, मध्ये ट्यूब, प्रत्येक ट्यूब कागदात गुंडाळून दोन पिशव्यांत. पूर्ण रक्ताची ट्यूब फ्रीझरमध्ये कधीच टाकू नका, पेशी फुटतात. शुक्रवारी दुपारी पाठवलं तर शनिवार-रविवार डबा कुठेतरी पडून राहतो, त्यापेक्षा सोमवारी सकाळी पाठवा, नाहीतर स्वतः घेऊन जा. महाराष्ट्रात पुण्याच्या औंधला रोग अन्वेषण विभागाची लॅब आहे, पण सॅम्पल कुठे पाठवायचं ते डॉक्टरच ठरवतील.

सोबतच्या कागदावर बिल्ला नंबर, वय, ताप कधी आला, किती मेल्या, बाजारातून नवीन जनावर कधी आणलं आणि पीपीआरची लस कधी टोचली हे सगळं लिहा. लसीची तारीख तर हमखास. कारण लॅबमधल्या एलायझा टेस्टचे दोन प्रकार, एक (अँटिजेन एलायझा) विषाणू शोधतो, दुसरा अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, आणि आपल्याकडच्या लसीने तयार झालेली अँटीबॉडी आणि रोगाने झालेली अँटीबॉडी त्या टेस्टला सारखीच दिसते. लस टोचलेल्या कळपात नुसता 'अँटीबॉडी पॉझिटिव्ह' रिपोर्ट आला म्हणून घाबरायचं नाही, आरटी-पीसीआर (वर सांगितलेल्या पीसीआरचाच प्रकार) किंवा अँटिजेन एलायझाचं काय आलं ते विचारायचं. अँटीबॉडीवरूनच बघायचं असेल तर त्याच शेळीचं सीरम दोन-तीन आठवड्यांनी परत द्यावं लागतं.

रिपोर्ट येईपर्यंत आजारी जनावरं वेगळी, त्यांची पाण्याची बादली वेगळी, त्यांचं बघणारा माणूसही शक्यतो वेगळा, आणि एकही शेळी, बोकड आठवडी बाजारात न्यायचा नाही, ईद तोंडावर असली तरी.